टाच घट्ट, बोटे मोकळी

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक शहराजवळच्या सेलराइन खोऱ्यात, एका संध्याकाळी माझ्या पतींनी पायातील बूट काढला, मोजा ओढला आणि आम्ही तिघेही गप्प झालो. टाचेवरची कातडी रुपयाएवढ्या आकारात सोलवटली होती. मोजा रक्ताने ओला झाला होता. दिवसभरात त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. तक्रार मी करीत होते, कारण उतरताना माझे अंगठे बुटाच्या टोकावर आदळत होते. "माझे बूट अगदी आरामात आहेत," असे ते प्रत्येक विश्रांतीला मला सांगत होते. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे.

म्युनिकला नोकरीस असलेल्या मुलाने आम्हाला स्की टूरिंगसाठी नेले होते. दुकानात बूट भाड्याने घेताना तो लहान माप सुचवीत होता. आम्हीच आग्रह धरला : "जरा मोठेच असू देत, पाय मोकळा राहील." मुलांना नेहमी वाढत्या पायाचा जोडा घेणाऱ्या आपल्या घरांतले ते शहाणपण होते. त्या शहाणपणाने माझी दोन नखे काळी पडली आणि पतींच्या टाचेची जखम भरायला दीड महिना लागला. हा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींचा आहे. परदेशातील मुलांकडे हिवाळ्यात जाणारे आईवडील आणि गुलमर्ग, औलीच्या बर्फाकडे वळणारी तरुण मंडळी यांना तो उपयोगी पडावा.

एका बुटाची दोन कामे

गुलमर्गला बहुतेक पर्यटक रोप-वेने वर जातात आणि स्कीवरून खाली येतात. स्की टूरिंगमध्ये वरही स्वतःच्या पायांनीच जायचे असते. त्यासाठी स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. आज मोहेर लोकरीची किंवा नायलॉनची असते. तिचे केस मागच्या दिशेने झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. बुटाचे टोक स्कीवर अडकवलेले असते आणि टाच मोकळी असते. त्यामुळे चालता येते. माथ्यावर पोहोचल्यावर पट्ट्या काढून गुंडाळायच्या, टाच स्कीवर पक्की बसवायची आणि बर्फावरून उतरायचे.

बुटाची खरी अडचण येथे सुरू होते. चढताना घोटा पुढेमागे सहज वाकला पाहिजे, बूट हलका पाहिजे आणि पायाला घाम कमी आला पाहिजे. उतरताना मात्र नडगीने दिलेला दाब क्षणात स्कीच्या कडेपर्यंत पोहोचला पाहिजे. त्यासाठी बूट ताठ आणि पायाला घट्ट बसलेला हवा. पहिले काम चपलेचे, तर दुसरे जणू पायाला बांधलेल्या खपाचीचे. स्की टूरिंगच्या बुटाचा सगळा इतिहास या दोन कामांत तडजोड घडवण्याचा आहे.

आरंभी स्कीचे बूट कातड्याचे असत. १९६० च्या दशकात बॉब लँग या अमेरिकनाने प्लॅस्टिकचा बूट बाजारात आणला आणि उतरण्यावरचा ताबा खूपच वाढला. बूट उंच आणि ताठ झाल्यावर घोट्याच्या इजा कमी झाल्या. मात्र गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या इजा हा या खेळातला मोठा प्रश्न होऊन बसला. टूरिंगला खरी गती दिली ती फ्रित्झ बार्थेल या ऑस्ट्रियन माणसाच्या कल्पनेने. १९८० च्या दशकात त्याने बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या खाचा ठेवून त्यांत दोन खिळे बसतील, अशी अत्यंत हलकी पकड तयार केली. तेव्हापासून चालण्याची बिजागरी बुटाच्या टोकाशीच आली आणि जडशीळ पट्ट्यांची गरज संपली.

आजच्या टूरिंग बुटाचे दोन मुख्य भाग असतात. बाहेर प्लॅस्टिकचे कडक कवच आणि आत काढता येणारा मऊ फोमचा बूट, म्हणजे लायनर. मागे एक खटका असतो. तो उघडला की नडगीभोवतीचा भाग मागेपुढे झुलतो. बंद केला की तोच भाग किंचित पुढे झुकलेल्या स्थितीत पक्का होतो. शर्यतीचा बूट ७०० ग्रॅमहूनही हलका असू शकतो. सर्वसाधारण टूरिंग बूट एका पायाला एक ते दीड किलोचा, तर केवळ उतरण्यासाठीचा बूट बहुधा त्याहूनही जड असतो.

घड्याळ काय सांगते

जखम बरी झाल्यावर, पुढच्या हिवाळ्यात, मुलगा आम्हाला इन्सब्रुकमधल्या एका बूट बसवून देणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेला. आमचे पाय पाहण्याआधी त्याने एकच प्रश्न विचारला : "चढायला किती तास आणि उतरायला किती?"

सेलराइन खोऱ्यातील प्राक्समार हे गाव सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून जाण्याचे लोकप्रिय शिखर लॅम्पसनश्पिट्झे २,८७५ मीटर. म्हणजे चढ जवळजवळ १,२०० मीटरचा. ताशी ३०० ते ४०० मीटर उंची गाठणे ही चांगल्या तब्येतीच्या हौशी माणसाची चाल. त्या हिशेबाने चढायला तीन ते चार तास लागतात; उतरणे, थांबत थांबत केले तरी, तासाभरात संपते. दिवसातील बराचसा वेळ बूट चालण्याचे काम करीत असतो. म्हणून दुकानात उभे राहून केवळ उतरण्याच्या थराराचा विचार करणारा माणूस दिवसाच्या छोट्या भागासाठी बूट विकत घेतो.

वजनाचे गणितही येथेच येते. एका चढात एका पायाने तीन हजार पावले टाकली असे धरू. बूट २०० ग्रॅमने जड असेल, तर त्या एका पायाने दिवसभरात ६०० किलोंचे जादा ओझे पुढे ढकललेले असते. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा पायातले ओझे अधिक थकवते, कारण ते प्रत्येक पावलाला नव्याने हलवावे लागते.

तरीही सर्वांत हलका बूट सर्वांत चांगला, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. माथ्यावर पोहोचेपर्यंत मांड्या थकलेल्या असतात आणि बर्फाचा पोत दर वळणावर बदलतो. अशा वेळी लवचीक, पातळ कवचाचा बूट स्कीला वळवू शकत नाही. ते काम गुडघ्यावर येऊन पडते. बुटाचा ताठरपणा ८०, १००, १२० अशा आकड्यांनी सांगितला जातो. हे आकडे सर्व कंपन्यांना समान असलेल्या मोजणीचे नाहीत. एका कंपनीचा १०० दुसरीच्या ११० इतका ताठ असू शकतो. शिवाय हलक्या चणीच्या व्यक्तीला जो बूट ताठ वाटतो, तोच भारदस्त व्यक्तीला मऊ वाटतो. आकड्यापेक्षा गुडघा वाकवून पाहावा : नडगी पुढे दाबल्यावर बूट हळूहळू आणि सारख्या प्रमाणात नमला पाहिजे, एकदम कोसळू नये आणि भिंतीसारखा अडूनही राहू नये.

माप : पायाचे, जोड्याच्या नंबराचे नव्हे

आपल्या नेहमीच्या सात-आठ नंबराचा येथे उपयोग होत नाही. स्कीच्या बुटाचे माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधील लांबी. ती घरीही काढता येते. जमिनीवर कागद ठेवून टाच भिंतीला टेकवावी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करावी. हे बोट अंगठाच असेल असे नाही. अनेकांचे दुसरे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजावेत. दिवसभर उभे राहिल्यावर पाय किंचित सुजतात, म्हणून मोजणी संध्याकाळी केलेली बरी. २६ आणि २६.५ या मापांचे बाहेरचे कवच बहुधा एकच असते. फरक आतल्या भागात असतो. चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ९८ म्हणजे अरुंद आणि १०२-१०३ म्हणजे प्रशस्त.

त्या कारागिराने यापुढे जे केले, ते प्रत्येकाने करून पाहावे. त्याने लायनर काढून टाकला आणि मला नुसत्या कवचात पाय घालायला सांगितला. बोटे पुढे टेकवून टाचेमागे किती जागा उरते हे त्याने पाहिले. टूरिंगसाठी ही जागा १५ ते २० मिलिमीटर, म्हणजे साधारण एक बोट जाईल एवढी असावी. शर्यतीतले लोक दहा मिलिमीटरवरही भागवतात. दोन बोटे जात असतील, तर बूट मोठा आहे. आमच्या पहिल्या बुटांत दोन बोटे नक्कीच गेली असती.

लायनर घालून सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या भागाला हलकेच लागतात. येथेच बहुतेक लोक घाबरून मोठे माप मागतात. गुडघे वाकवून नडगी पुढे टेकवली की टाच मागे सरकते आणि बोटे सुटतात. चढताना मात्र पाय सरळ राहतो, म्हणून टूरिंगच्या बुटात केवळ उतरण्याच्या बुटापेक्षा बोटांना थोडी अधिक जागा ठेवतात. टाचेला मात्र कुठलीही सवलत नाही. "टाच घट्ट, बोटे मोकळी," असे तो जर्मनमध्ये म्हणाला आणि मुलाने मराठीत सांगितले.

मोठा बूट का दुखतो

सैल बूट आरामाचा असतो, हा समज चूक का, हे समजून घेणे या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. चढताना प्रत्येक पावलाला सैल बुटातली टाच वर उचलली जाते आणि खाली बसते. हाड हलते, मोजा आणि लायनर टाचेला धरून ठेवतात आणि मधल्या कातडीच्या थरांवर ओढ बसते. त्यात घामाचा ओलावा मिळाला की थर सुटतात आणि फोड येतो. उतरताना पाय पुढे सरकतो, नखे टोकावर आदळतात आणि त्यांच्याखाली रक्त साकळते. नडगी लायनरच्या जिभेवर आपटत राहते. पाय स्थिर राहावा म्हणून नकळत बोटे आवळली जातात आणि तळव्याच्या कमानीत पेटके येतात. शेवटी माणूस बकले करकचून आवळतो. पायाच्या वरच्या बाजूला, जेथे कातडीखाली फारसे मांस नाही, तेथे शिरा आणि मज्जातंतू दाबले जातात. बोटे बधिर आणि गार पडतात. आरामासाठी घेतलेला मोठा बूट असा सर्वांत जाचक ठरतो.

कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस लागते. तेल पाजले आणि घालत राहिले की कातडे पायाच्या आकाराला शरण येते. प्लॅस्टिकचे कवच असे शरण येत नाही. हाडावर बोचणारा कवचाचा भाग दहाव्या दिवशीही बोचतो. उलट लायनरचा फोम दिवसागणिक दबत जातो आणि बूट सैल होत जातो. म्हणून नवा बूट सगळीकडून सारखा, ठाम हात मिळवल्यासारखा आवळून धरणारा असावा. ही सर्वदूर पसरलेली घट्ट पकड सहन करावी. ती काही दिवसांत निवळते. मात्र एका ठिकाणी टोचणारे दुखणे, मुंग्या येणे आणि बधिरता ही तीन लक्षणे सहन करू नयेत.

त्यांवर उपाय असतात. लायनर भट्टीत तापवून पायावर साच्यासारखा बसवता येतो. करंगळीच्या बाजूचे हाड, अंगठ्याच्या मुळाची गाठ किंवा घोट्याचे हाड बोचत असेल, तर कवच तेवढ्याच जागी तापवून बाहेर फुगवता येते. कमान उंच असलेल्यांना योग्य आधाराचा सुखतळा दिला की पायाच्या वरचा दाब पुष्कळ कमी होतो. सपाट तळव्यांनाही त्याचाच उपयोग होतो. मोठे माप हा मात्र यांपैकी कशावरचाही उपाय नव्हे.

घोट्याच्या लवचीकपणाची परीक्षा आपल्याला परिचित आहे. अनवाणी उकिडवे बसून पाहावे. दोन्ही टाचा जमिनीला टेकत असतील, तर घोटा पुरेसा वाकतो. टाचा उचलल्या जात असतील, तर पुढे झुकलेल्या बुटातही त्या उचलल्या जाणार. अशांना टाचेखाली लहानशी उंची द्यावी लागते. दोन-तीन महिने आधीपासून पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम केल्यास फायदा होतो.

थंडी आणि रक्ताभिसरण

गार पायांवर दोन मोजे हा उपाय घरोघरी सुचवला जातो. स्कीच्या बुटात तो उलटतो. दुसऱ्या मोज्याने जागा संपते, सुरकुत्या टोचतात आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ऊब रक्तातून येते. रक्त पोहोचले नाही तर कितीही लोकर निरुपयोगी. पातळ किंवा मध्यम जाडीचा, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा एकच मोजा घालावा आणि दुसरा कोरडा जोड जवळ ठेवावा. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून टाळावा.

बूट चढवताना टाच जमिनीवर मागच्या बाजूने दोनदा ठोकावी. प्रथम घोट्यावरचे बकल लावावे, मग नडगीचे आणि सर्वांत शेवटी, सर्वांत हलके, चवड्याचे. चढताना खटका उघडून नडगीची बकले सैल सोडावीत, घोट्याचे मात्र लावलेले ठेवावे, म्हणजे टाच उचलली जात नाही. माथ्यावर खटक्यातला बर्फ काढून तो बंद झाल्याची खात्री करून घ्यावी.

बोटे बधिर झाली तर लाज न बाळगता थांबावे, बकले सोडावीत आणि बोटे हलवावीत. तरीही संवेदना परत येत नसेल, तर माथ्याचा मोह सोडून आडोशाच्या जागी परतावे. बोट पांढरे किंवा मेणासारखे दिसत असेल, तर ते चोळू नये, त्यावर बर्फ घासू नये आणि शेकोटीपुढेही धरू नये. उबदार जागी जाऊन वैद्यकीय मदत घ्यावी.

ज्यांचे पाय बोलत नाहीत

वर सांगितलेली सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे : चुकीचा बूट असेल तर दुखेल. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या पायांतील मज्जातंतू क्षीण झालेले असतात. त्यांना दुखत नाही, आणि न दुखणे म्हणजे आराम, असा त्यांचाही समज होतो आणि घरच्यांचाही. माझ्या पतींचे त्या दिवशी हेच झाले. घरी परतल्यावर डॉक्टरांनी एक बारीक लवचीक तंतू त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. डोळे मिटून ते "आता लागले" असे सांगत होते. टाचेपाशी आणि अंगठ्यापाशी ते काहीच बोलले नाहीत.

मधुमेह, पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार किंवा पायावर जुनी जखम असलेल्यांनी अशा सहलीपूर्वी पायांची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांचा निर्णय अंतिम मानावा. परवानगी मिळालीच, तर वेदनेऐवजी घड्याळावर भरवसा ठेवावा. बूट प्रथम घरात घालून वीस मिनिटांनी काढावा आणि लाल झालेल्या जागा डोळ्यांनी पाहाव्यात. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा. लालसरपणा लवकर मावळला नाही, तर ती जागा कारागिराकडून सुधारून घ्यावी. सहलीत दर तासाला उबदार, कोरड्या जागी पाय तपासता येईल एवढाच छोटा मार्ग निवडावा. पाय गरम ठेवणाऱ्या रासायनिक पुड्या वापरू नयेत. संवेदना नसलेली कातडी भाजली तरी कळत नाही.

मुलांच्या बाबतीत मोह वेगळा असतो. बूट महाग आणि पाय वाढते, म्हणून दोन वर्षे पुरेल असा बूट घेतला जातो. सैल बुटात मुलाला स्की वळवता येत नाही आणि दोष त्याच्या भित्रेपणाला दिला जातो. वाढीच्या वयात हंगामापुरते भाड्याने घेतलेले योग्य मापाचे बूट अधिक शहाणपणाचे. आणि मूल "टोचते" म्हणाले, तर "सवय होईल" असे म्हणण्याआधी बूट काढून पाय पाहावा.

प्रौढांसाठीही दुकानातली परीक्षा तीच. बूट घालून किमान अर्धा तास काढावा : चालावे, जिना चढावा, गुडघे वाकवावेत, मग बूट काढून पाय पाहावेत. नखे चार दिवस आधी सरळ कापावीत. चढताना एखादी जागा गरम लागू लागली, की फोड येण्याची वाट न पाहता तेथे चिकटपट्टी लावावी.

त्या कारागिराने माझ्या बुटाचे माप एका पूर्ण आकड्याने कमी केले आणि करंगळीपाशी कवच फुगवून दिले. पहिले दहा मिनिटे मला ते बूट अंमळ कठोर वाटले. लॅम्पसनश्पिट्झेच्या अर्ध्या चढावर मात्र मी पायांचा विचार करणे सोडून दिले होते. पतींना डॉक्टरांनी मोठ्या चढाची परवानगी दिली नाही. ते आता प्राक्समारच्या वर जंगलातल्या वाटेने, स्वतःच्या मापाच्या मऊ, उबदार बुटांत तासभर चालतात आणि परत आल्यावर आधी मोजे काढतात. मग मी दिव्याखाली त्यांचे दोन्ही तळवे पाहते. चहा त्यानंतर.